‘एलिटिस्ट’ नेमकं कुणाला म्हणावं? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

राजकारणात एकमेकांना ‘एलिटिस्ट’ किंवा ‘अभिजनवादी’ ठरवण्याबद्दल बरीच पत्रं आली. सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : प्रचारसभेत प्रतिस्पर्ध्याला ‘एलिटिस्ट’ म्हणतात, तेव्हा आरोप नक्की कशाचा असतो? श्रीमंतीचा, शिक्षणाचा की उर्मटपणाचा?

बहुतेकदा बोलणाऱ्याला ते स्पष्ट करायचंच नसतं. शब्द मोघम ठेवला की ज्याला जो अर्थ झोंबेल तो तो उचलतो. ऐकणाऱ्यानं मात्र हे अर्थ सुटे करून पाहायला हवेत. एक अर्थ माणूस कुठून आला याबद्दलचा आहे : घराणं, पैसा, शाळा, बोलण्याची ढब. दुसरा तो लोकांबद्दल कसं बोलतो याबद्दलचा. तिसरा अर्थ असा, की सगळ्यांवर बंधनकारक होणारे निर्णय कुणी घ्यावेत याबद्दल त्याचं मत काय आहे.

राजकीय भूमिका म्हणून अभिजनवाद म्हणजे हा तिसरा अर्थ. काही निवडक माणसांचं शिक्षण, कूळ किंवा समज वरच्या दर्जाची आहे, म्हणून कारभारात त्यांचा शब्द इतरांपेक्षा जड असला पाहिजे, असं मानणारा तो अभिजनवादी. महागड्या शाळेत शिकलेला आणि फटकळ बोलणारा माणूस या अर्थानं अभिजनवादी असेलच असं नाही. उलट साध्या घरातला, मृदुभाषी, सगळ्यांशी हात जोडून बोलणारा माणूस पक्का अभिजनवादी असू शकतो. आरोप गंभीर ठरतो तो या तिसऱ्या अर्थानं, कारण तिथे कुणाचा तरी निर्णयाचा हक्क कापला जात असतो. पहिल्या दोन अर्थांनी तो फार तर स्वभावाचा किंवा नशिबाचा मुद्दा आहे.

प्रश्न : ‘कुठलीही व्यवस्था घ्या, शेवटी मूठभरच राज्य करतात’ असं सांगणारे अभ्यासक अभिजनवादी म्हणायचे का?

तेवढ्यावरून नाही. मूठभर राज्य करतात असं नोंदवणं वेगळं आणि त्यांनीच करावं असं म्हणणं वेगळं. इटलीतले गाएतानो मोस्का आणि विल्फ्रेडो पॅरेटो यांनी पहिलं विधान सिद्धान्ताच्या रूपात मांडलं. संघटित अल्पसंख्य विस्कळीत बहुसंख्यांवर सहज मात करतात, असं मोस्काचं निरीक्षण होतं.

रॉबर्ट मिशेल्सनं १९११ मध्ये त्याला पुरावा जोडला. त्यानं अभ्यासासाठी राजेशाही किंवा सरंजामदार निवडले नाहीत. लोकशाहीचा सर्वांत मोठा आग्रह धरणारा जर्मनीतला समाजवादी कामगार पक्ष त्यानं तपासला. तिथेही पक्षाचा निधी, वृत्तपत्रं, सभांची विषयपत्रिका आणि पूर्णवेळ नोकरदार ज्यांच्या हाती होते तेच हलवता न येणारे झाले होते. सामान्य सभासद कामावरून दमून येणार, सभेला क्वचित जाणार आणि ठराव वाचायला त्याला वेळ नसणार. यात कुणाचं कारस्थान लागत नाही, संघटना मोठी होणं पुरतं.

पुढचा भाग जास्त बोलका आहे. हाच मिशेल्स नंतर मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षात गेला. मोस्का आयुष्यभर संसदीय लोकशाहीचा टीकाकार होता, पण १९२५ मध्ये मुसोलिनीच्या हाती सत्ता एकवटणाऱ्या विधेयकाला त्यानं सिनेटमध्ये उभं राहून विरोध केला. दोघांचं निरीक्षण जवळपास एकच होतं, निष्कर्ष मात्र परस्परविरोधी. अमेरिकेत सी. राइट मिल्स यांनी १९५६ मध्ये राजकारण, बड्या कंपन्या आणि लष्कर यांच्या शिखरावरच्या मंडळींची एकमेकांत गुंतलेली सत्ता दाखवली, ती तिचं समर्थन करायला नव्हे, उघड्यावर आणायला. तेव्हा ‘सत्ता मूठभरांच्या हाती आहे’ असं कुणी म्हणालं, की पुढचं वाक्य ऐकल्याशिवाय शिक्का मारू नये.

प्रश्न : श्रीमंत घरातल्या, परदेशी शिकलेल्या उमेदवाराला सामान्यांचं दुःख काय कळणार? त्याला अभिजनवादी म्हटलं तर चुकलं कुठे?

याचं उत्तर अमेरिकेतल्या १८४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत सापडतं. मार्टिन व्हॅन ब्युरेन तेव्हा अध्यक्ष होते. त्यांचे वडील न्यू यॉर्क राज्यातल्या एका खेडेगावात खाणावळ आणि मद्यालय चालवत. समोर होते विल्यम हेन्री हॅरिसन. हॅरिसन यांचा जन्म व्हर्जिनियातल्या बड्या मळेवाल्या घराण्यातला आणि वडील अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक. विरोधी बाजूच्या एका वृत्तपत्रानं हॅरिसन यांची टिंगल केली, की पिंपभर सायडर (सफरचंदाचं मद्य) आणि थोडं निवृत्तिवेतन द्या, म्हातारा लाकडी खोपटात बसून राहील. हॅरिसन यांच्या पक्षानं ती टिंगलच उचलली. लाकडी खोपट आणि सायडरचं पिंप ही त्यांची प्रचारचिन्हं झाली आणि मिरवणुकांतून खोपटं फिरू लागली.

एप्रिलमध्ये त्याच पक्षाचे चार्ल्स ओगल प्रतिनिधिगृहात बोलायला उभे राहिले. अध्यक्षांच्या निवासस्थानातली गालिचे, आरसे, ताटं-चमचे यांची यादी ते काही दिवस वाचत होते. खाणावळवाल्याचा मुलगा सोन्याच्या चमच्यानं जेवणारा सरदार ठरला आणि मळेवाल्याचा मुलगा खोपटातला गरीब. हॅरिसन २३४ विरुद्ध ६० निर्वाचक मतांनी निवडून आले. १८३७ पासूनच्या मंदीचाही त्यात मोठा वाटा होता, हे सांगायला हवं. पण प्रचारात ‘अभिजन’ कोण हे जन्मदाखल्यावरून ठरलं नाही, ज्याचा ढोल मोठा त्याच्या म्हणण्यावरून ठरलं.

पार्श्वभूमीला काहीच अर्थ नाही असं आम्ही म्हणत नाही. ज्याला रांगेत उभं राहावं लागलेलं नाही, त्याला रांग ही समस्या म्हणून लवकर दिसत नाही. पण ती उणीव ऐकून, पाहून, सल्ला घेऊन भरता येते. उमेदवार कुठून आला यापेक्षा त्यानं कुणाचं ऐकण्याची सोय केली आहे, हे विचारावं. कोणत्या समितीत कुणाला घेतलं, मतदारसंघात तक्रार कुठे नोंदवता येते, मागच्या कार्यकाळात कोणत्या तक्रारीवरून निर्णय बदलला, या गोष्टी तपासता येतात. घराणं तपासून हाती फारसं लागत नाही.

प्रश्न : विमान कुणी चालवावं यावर प्रवाशांचं मतदान घेत नाहीत. मग देश चालवण्याचं काम तज्ज्ञांकडे द्यावं म्हणणं हा अभिजनवाद कसा?

हा युक्तिवाद फार जुना आहे. प्लेटोनं विमानाऐवजी जहाज घेतलं होतं, एवढाच फरक. त्यात एक गोष्ट गाळलेली असते : वैमानिक विमान कसं न्यायचं ते ठरवतो, कुठे न्यायचं ते नाही. तिकीट काढताना प्रवाशानं ते ठरवलेलं असतं. नागपूरचं तिकीट काढलेल्यांना वैमानिकानं ‘तुमच्या प्रकृतीला कोलंबोची हवा मानवेल’ म्हणून तिकडे नेलं, तर तो कितीही निष्णात असला तरी त्याला कुणी तज्ज्ञ म्हणून सोडून देणार नाही.

कारभारात ही विभागणी कशी बसवतात, याचा चांगला नमुना म्हणजे व्याजदर. २०१६ पासून रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीकडे रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं अल्प मुदतीचं कर्ज देते तो दर, ठरवण्याचं काम आहे. समितीत सहा सदस्य आहेत, तीन बँकेचे आणि तीन केंद्र सरकारनं नेमलेले. मतं समसमान पडली तर गव्हर्नरचं मत निर्णायक ठरतं. पण महागाईचं लक्ष्य समिती स्वतः ठरवत नाही. ते केंद्र सरकार बँकेशी सल्लामसलत करून पाच वर्षांसाठी ठरवतं : ४ टक्के, वर-खाली २ टक्क्यांची मुभा. सलग तीन तिमाही महागाई या पट्ट्याबाहेर राहिली, तर असं का झालं, काय उपाय करणार आणि किती काळात ती आटोक्यात येईल, हे बँकेनं सरकारला लेखी कळवायचं. २०२२ मध्ये अशी वेळ आली आणि बँकेला तसा अहवाल द्यावा लागला. उद्दिष्ट लोकनियुक्त सरकारचं, साधन तज्ज्ञांचं आणि चुकलं तर जाब. या तीन गोष्टी जागेवर असल्या, तर तज्ज्ञांकडे काम सोपवणं हा अभिजनवाद नाही.

बिघडतं ते तज्ज्ञ आपल्या ज्ञानाच्या आडून मूल्यांचा निर्णयही घेऊन टाकतात तेव्हा. धरणाची उंची वाढवली तर किती पाणी साठेल, किती हेक्टर सिंचन होईल आणि किती गावं बुडतील, हे अभियंता सांगू शकतो, त्यानंच सांगावं. त्या गावांनी उठावं का, कोणत्या मोबदल्यात उठावं आणि पाण्यावर पहिला हक्क कुणाचा, या प्रश्नांची उत्तरं अभियांत्रिकीत नाहीत. अहवालाच्या शेवटच्या पानावर ‘म्हणून प्रकल्प करणे इष्ट’ असं वाक्य येतं, तेव्हा हा ‘म्हणून’ कोणत्या आकड्यातून निघाला ते विचारावं. बहुतेक वेळा तो आकड्यातून निघालेला नसतो, कुणाच्या तरी प्राधान्यक्रमातून आलेला असतो.

उलट बाजूनंही फसगत होते. ‘लोकांना तज्ज्ञांचा कंटाळा आलाय’ हे ब्रिटनचे मंत्री मायकल गोव्ह यांचं युरोपीय संघात राहायचं की नाही या २०१६ च्या सार्वमताआधीचं वाक्य जगभर उद्धृत झालं. मुलाखतीत ते वाक्य तिथे संपलं नव्हतं. लोकांचं भलं कशात आहे ते आम्हालाच कळतं असं सांगून वारंवार चुकणाऱ्या, आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या संस्थांमधल्या तज्ज्ञांबद्दल ते बोलत होते. पूर्ण वाक्यातही अतिशयोक्ती आहेच. पण त्यातला ‘भलं आम्हालाच कळतं’ हा भाग अभिजनवादावरचा रास्त आक्षेप आहे आणि अर्धवट उद्धृत करताना नेमका तोच गळतो. उरतो तो निव्वळ ज्ञानद्वेष.

प्रश्न : निदान उमेदवार तरी शिकलेला असावा, अशी अट घालण्यात गैर काय? यालाही अभिजनवाद म्हणणार का?

म्हणणार, आणि का ते नीट सांगायला हवं, कारण ही मागणी करणारे बहुतेक जण सद्हेतूनं करतात.

हरियाणानं २०१५ मध्ये पंचायत निवडणुकीसाठी अशी अट घातली. सर्वसाधारण गटातल्या पुरुषाला दहावी उत्तीर्ण, स्त्रियांना आणि अनुसूचित जातींतल्या पुरुषांना आठवी उत्तीर्ण, तर अनुसूचित जातींतल्या स्त्रीला पंचपदासाठी पाचवी उत्तीर्ण असणं आवश्यक झालं. घरात वापरातलं शौचालय असावं आणि वीजबिलाची थकबाकी नसावी, अशाही अटी सोबत होत्या. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१५ मध्ये राजबाला खटल्यात कायदा वैध ठरवला. बरं-वाईट, योग्य-अयोग्य यांतला फरक करण्याची शक्ती शिक्षणामुळेच येते, असा युक्तिवाद निकालात आहे. राजस्थाननं अशीच अट आणली होती, ती २०१९ मध्ये मागे घेतली.

कायदा वैध असणं आणि भूमिका अभिजनवादी असणं यांत विसंगती काही नाही. ही अट नेमकी कुणाला वगळते ते पाहा. ज्या पिढीच्या लहानपणी गावात शाळाच नव्हती ती वगळली जाते. मुलगी म्हणून जिला शाळेतून काढलं ती स्त्री वगळली जाते. वीजबिल थकलेला माणूस वगळला जातो. म्हणजे शासनानं ज्यांना शाळा पुरवली नाही, त्यांनाच शासनाची चूक दुरुस्त करण्याच्या जागेवर बसायला मनाई. शिवाय हीच अट आमदार-खासदारांना नाही. कायदे करणाऱ्याला दहावी लागत नाही आणि गावचा रस्ता, पाणी बघणाऱ्याला लागते, याचं समाधानकारक उत्तर आम्हाला आजवर कुणाच्या मांडणीत मिळालेलं नाही.

ज्ञानाची अट दिसायला तटस्थ असते, वापरात क्वचितच तशी राहते. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांत मतदानासाठी साक्षरतेची परीक्षा असे. परीक्षा घेणारा नोंदणी अधिकारी गोरा असे आणि कुणाला कोणता उतारा वाचायला द्यायचा ते तोच ठरवी, त्यामुळे कृष्णवर्णीय नेमके गळत. निरक्षर गोऱ्यांची अडचण होऊ नये म्हणून काही राज्यांनी ‘ज्याच्या आजोबाला मताधिकार होता त्याला परीक्षा माफ’ अशी तरतूद केली. ती पळवाट सर्वोच्च न्यायालयानं १९१५ मध्ये रद्द केली, परीक्षा मात्र १९६५ च्या मताधिकार कायद्यापर्यंत टिकल्या.

याउलट दुसरा मार्गही असतो. १९५१-५२ ची आपली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा देशातली साक्षरता सुमारे १८ टक्के होती. मतदाराला वाचता येत नाही म्हणून मतदाराला बाद केलं नाही, मतदानाची पद्धत बदलली. प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी ठेवली आणि तिच्यावर चिन्ह चिकटवलं. कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची, एवढंच मतदारानं करायचं. सरपंचाला हिशेब वाचता येत नसतील, तर वाचून दाखवणारा ग्रामसेवक बांधील करावा, प्रशिक्षण द्यावं, हिशेब तोंडी वाचून दाखवणं सक्तीचं करावं. माणसाला वगळण्याआधी हे उपाय करून पाहिले का, हा प्रश्न अशा प्रत्येक अटीला विचारावा.

प्रश्न : कुणाचा अपमान न करता, मनापासून लोकांचं भलं इच्छिणारा माणूस अभिजनवादी असू शकतो?

हो. अभिजनवादाचे सर्वांत समर्थ प्रवक्ते असेच होते. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८६१ मध्ये सुचवलं, की मत प्रत्येकाला असावं, पण शिक्षितांना एकापेक्षा जास्त मतं असावीत. मालमत्तेवरून जास्त मतं देण्याला त्यांचा विरोध होता. हेच मिल १८६७ मध्ये ब्रिटिश संसदेत स्त्रियांच्या मताधिकारासाठी उभे राहिले. त्यांची दुरुस्ती १९६ विरुद्ध ७३ मतांनी पडली, पण तो विषय तिथे मतदानाला आला तो त्यांच्यामुळे. एकाच माणसात दोन्ही गोष्टी होत्या, म्हणून ‘अमुक जण अभिजनवादी’ यापेक्षा ‘अमुक प्रस्ताव अभिजनवादी’ असं म्हणणं जास्त नेमकं ठरतं.

ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या पदवीधरांना खरोखरच दुसरं मत होतं, ते १९४८ च्या कायद्यानं गेलं. आपल्याकडे विधान परिषदेत एक द्वादशांश जागा पदवीधर मतदारसंघांच्या आहेत आणि पदवी मिळून किमान तीन वर्षं झालेल्यांनाच तिथे मत देता येतं. रचनेपुरती ही तरतूद अभिजनवादी आहे, हे मान्य करायला हरकत नसावी. परिणाम मात्र मर्यादित, कारण परिषद साधं विधेयक जास्तीत जास्त सुमारे चार महिने लांबवू शकते आणि धनविधेयक रोखू शकत नाही.

सद्हेतूचा अभिजनवाद सर्वांत जास्त लपतो तो अंदाजपत्रकात. वरच्या थरातल्या थोड्यांना उच्च शिक्षण द्या, ज्ञान आपोआप खाली झिरपेल, अशी इंग्रजी राज्यातली धारणा होती. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढच्या निवेदनात तिच्यावर नेमका घाव घातला. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो, खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर आणि त्या वर्गांनी खाली काही पोचवलेलं नाही, हा त्यांचा मुद्दा होता. प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करावं, ही त्यांची मागणी. यात कुणाच्या उर्मटपणाची तक्रार नाही, पैसा कुठून येतो आणि कुठे जातो याचा हिशेब आहे. अभिजनवादाचा आरोप कसा करावा, याचा याहून चांगला नमुना आमच्या माहितीत नाही.

प्रश्न : एखाद्या नेत्याचं खासगी बैठकीतलं बोलणं बाहेर येतं आणि त्याला एलिटिस्ट ठरवलं जातं. अशा वाक्यांना किती वजन द्यावं?

तीन प्रसिद्ध उदाहरणं शेजारी ठेवून पाहा. एप्रिल २००८ मध्ये बराक ओबामा म्हणाले, की वर्षानुवर्षं रोजगार गमावलेल्या छोट्या गावांतले लोक कडवट होतात आणि बंदुकांना, धर्माला कवटाळतात. मे २०१२ मध्ये ओबामांविरुद्ध लढणारे मिट रॉम्नी म्हणाले, की ४७ टक्के लोक सरकारवर अवलंबून आहेत, स्वतःला पीडित समजतात आणि काहीही झालं तरी विरोधकालाच मत देणार. सप्टेंबर २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांनी ट्रम्प समर्थकांपैकी निम्म्यांना ‘निंद्य लोकांच्या टोपलीत’ टाकलं, दुसऱ्या दिवशी ‘निम्म्या’ शब्दाबद्दल खेद व्यक्त केला. पक्ष वेगवेगळे, पण जागा तिन्ही वेळा एकाच जातीची : निधी देणाऱ्यांची बैठक. ज्यांच्याबद्दल बोलणं चाललं होतं ते खोलीत नव्हते.

अशा वाक्यातून तुच्छता कळते आणि तुच्छतेची किंमत मतदारानं वसूल करणं योग्यच. पण तिन्ही वाक्यांत कुणाचा मताधिकार कमी करण्याची भाषा नाही. आधी पूर्ण वाक्य मिळवावं, त्याच्या मागचं-पुढचं ऐकावं. ओबामांचं वाक्य सरकारांनी त्या गावांना दिलेली आश्वासनं पाळली नाहीत, या संदर्भात आलं होतं. क्लिंटन यांनी उरलेल्या निम्म्यांशी सहानुभूतीनं वागायला हवं असंही त्याच भाषणात म्हटलं होतं. संदर्भ कळला म्हणजे दोष धुतला जातो असं नाही. तो किती आणि कसला, हे कळतं.

प्रश्न : लोकप्रतिनिधीनं मतदारांच्या मताविरुद्ध स्वतःच्या बुद्धीनं मतदान केलं, तर तो अभिजनवादी का?

नाही, जोवर तो पुढच्या निवडणुकीत त्याचा हिशेब द्यायला तयार आहे. ब्रिटिश संसदपटू एडमंड बर्कनं नोव्हेंबर १७७४ मध्ये ब्रिस्टल शहरातल्या आपल्या मतदारांना तोंडावर सांगितलं, की प्रतिनिधी तुम्हाला केवळ कष्ट देणं लागत नाही, स्वतःचा विवेकही देणं लागतो. पुढे मतदार नाराज झाले आणि १७८० मध्ये ब्रिस्टलच्या लढतीतून त्याला माघार घ्यावी लागली. आपलं मत आधी उघड सांगणं आणि नंतर त्याची किंमत मोजणं, दोन्ही तिथे झालं. त्या काळी ब्रिस्टलमध्ये मत फार थोड्यांना होतं, ही गोष्ट वेगळी आणि तीच खरी अभिजनवादी होती.

प्रश्न : आरोप खरा की नुसता प्रचार, हे सामान्य वाचकानं कसं तपासावं?

सुरुवात एका वाक्यापासून करावी : ‘अमुक निर्णय अमुक लोकांऐवजी तमुक लोकांनी घ्यावा, असं हा माणूस म्हणतो.’ आरोप या साच्यात बसवता आला नाही, रिकाम्या जागा भरता आल्या नाहीत, तर तो राजकीय आरोप नाही, नुसता टोमणा आहे. बसला, तर पुढे जावं. आरोप करणाऱ्यालाही हाच साचा लावावा. दुसऱ्याला अभिजन म्हणणारे अनेक नेते स्वतःच्या पक्षात उमेदवारी दोन-चार जणांच्या खोलीत ठरवतात.

मग भाषणं बाजूला ठेवून कागद पाहावेत. राजकारणाच्या अभ्यासकांचा इथे एक जुना वाद उपयोगी आहे. रॉबर्ट डाल यांनी अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात प्रत्यक्ष झालेले निर्णय तपासून १९६१ मध्ये सांगितलं, की शहराची पुनर्बांधणी, शाळा आणि उमेदवारी या तीन क्षेत्रांत वजन असलेली माणसं बरीचशी वेगवेगळी आहेत, सगळं एकाच टोळीच्या हाती नाही. पुढच्याच वर्षी पीटर बॅकरॅक आणि मॉर्टन बॅरट्झ यांनी त्यातली फट दाखवली : जे विषय पटलावर येऊच दिले गेले नाहीत, ते या मोजणीत कसे दिसणार? तेव्हा निर्णय कुणी घेतला याच्या बरोबरीनं विषय कुणी दाबला, हेही शोधावं. सभेची विषयपत्रिका कोण तयार करतो, सभासदाला विषय मांडायला किती दिवस आधी अर्ज द्यावा लागतो, इतिवृत्त कुठे मिळतं?

जनसुनावणी हा चांगला नमुना. पर्यावरण परवानगीच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार सुनावणीची किमान ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही लागतो. बंधन सारांशापुरतं आहे, मूळ जाडजूड अहवाल बहुधा इंग्रजीत. २०२० च्या मसुद्यात ही मुदत २० दिवसांवर आणण्याचा प्रस्ताव होता. ‘लोकांना विचारलं’ असं दोन्ही वेळा म्हणता येतं, पण दहा दिवस कमी झाले की इंग्रजी वाचणारा वकील परवडणारी बाजू आपोआप वरचढ होते. असे बदल शांतपणे होतात, कुणाचा अपमान करत नाहीत आणि म्हणून बातमीत येत नाहीत.

प्रश्न : चर्चेत समोरच्याची माहिती चुकीची आहे असं दाखवून दिलं, की ‘तू एलिटिस्ट आहेस’ असं ऐकावं लागतं. काय करावं?

माहिती आणि निर्णय वेगळे करून बोलावं. ‘हा आकडा चुकीचा आहे, बरोबर आकडा इथे पाहा. त्यावरून काय करायचं ते आपण दोघांनी ठरवायचं,’ असं स्पष्ट म्हणावं. आकडा दुरुस्त करणं हा अभिजनवाद नाही. ‘तुला आकडा माहीत नाही म्हणून तू मत देऊ नकोस’ हा आहे. रागाच्या भरात पहिल्यावरून दुसऱ्यावर घसरायला वेळ लागत नाही, तेव्हा आपलंही वाक्य तपासावं.

प्रश्न : एका बाजूला ‘आम्हाला जास्त कळतं’ म्हणणारे, दुसऱ्या बाजूला ‘जनता कधीच चुकत नाही’ म्हणणारे. तिसरी वाट आहे का?

या दोन बाजूंत दिसतं त्यापेक्षा साम्य जास्त आहे. दोघंही ‘जनता’ हा एकसंध गोळा धरतात. एकाला तो अडाणी वाटतो, दुसऱ्याला पवित्र. प्रत्यक्षात लोकांचे हितसंबंध एकमेकांना छेदतात आणि माहिती मिळाली की मतं बदलतात, हे दोघांनाही अडचणीचं असतं.

आयर्लंडनं करून पाहिलेली पद्धत अभ्यासण्याजोगी आहे. २०१६ ते २०१८ या काळात तिथे ९९ नागरिक आणि एक अध्यक्ष अशी नागरिक सभा बसली. सदस्य वय, लिंग, प्रदेश, सामाजिक वर्ग यांचं प्रमाण सांभाळून, सर्वेक्षणातून, सोडतीसारखे सरसकट नागरिकांतून निवडलेले होते. गर्भपातबंदीच्या घटनादुरुस्तीवर ही सभा पाच शनिवार-रविवार बसली. डॉक्टर, वकील, नीतितज्ज्ञ आणि दोन्ही बाजूंच्या संघटना समोर आल्या. सदस्य लहान टेबलांवर सूत्रसंचालकाच्या मदतीनं चर्चा करत आणि पुन्हा तज्ज्ञांना प्रश्न विचारत. शेवटी गुप्त मतदान झालं ते फक्त सदस्यांचं, तज्ज्ञांना मत नव्हतं. शिफारशी संसदेच्या समितीकडे गेल्या आणि अंतिम निर्णय २५ मे २०१८ च्या सार्वमतात साऱ्या देशानं ६६.४ टक्क्यांनी, बंदी उठवण्याच्या बाजूनं दिला.

ही पद्धत निवडीत बिघडू शकते. त्याच सभेच्या शेवटच्या टप्प्यात, दुसऱ्या विषयाच्या बैठकीसाठी नव्यानं घेतलेले सात सदस्य सर्वेक्षणातून न निवडता ओळखीपाळखीतून भरल्याचं उघडकीस आलं आणि त्यांना वगळावं लागलं. म्हणून अशी सभा कुठे भरवायची ठरली, तर निवडीची पद्धत आणि तिची तपासणी कोण करणार हे आधी लेखी जाहीर करायला हवं. तज्ज्ञांची यादी एकट्या सरकारनं करू नये, दोन्ही बाजूंना तिच्यावर आक्षेप घेता यावा. शनिवारी मजुरी बुडते म्हणून जे येऊ शकत नाहीत त्यांना त्या दिवसाचा मोबदला द्यावा, नाहीतर सोडत कितीही चोख काढली तरी सभागृहात बसतील ते सवड असलेलेच.